मनकवड्या यंत्राची थाप

मेंदूला संगणक जोडण्याच्या संशोधनाची बातमी मराठीत आली की तिचा मथळा जवळपास ठरलेला असतो: आता यंत्र मन वाचणार. त्यावर साहित्याचे अध्यापक एक तर शहारतात, नाही तर कुत्सितपणे हसतात. दोन्ही प्रतिक्रियांत मथळा मात्र खरा धरलेला असतो. ‘मन’ या शब्दाची एवढी उधळपट्टी ज्यांना खटकायला हवी, तेच ती मुकाट्याने चालवून घेतात, अशी प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

या क्षेत्रातील एक कारकीर्द तपासून पाहू. नितीश ठाकोर १९७४ साली मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियंते झाले, १९८१ साली त्यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे ते जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक झाले. त्यांचे सुरुवातीचे संशोधन हृदयावर होते. हृदयाच्या आलेखातला गोंगाट वजा करून नेमका ठोका ओळखायचा, हा तो प्रश्न. त्यानंतर, हृदयक्रिया थांबल्यामुळे प्राणवायूला मुकलेल्या मेंदूचे आलेख. मग कृत्रिम हात. क्षीण संकेत आणि दांडगा गोंगाट यांचा निवाडा, हा या साऱ्यातला समान धागा. कृत्रिम हातासाठी तर पुष्कळदा मेंदूपर्यंत जावेही लागत नाही. उरलेल्या दंडाच्या स्नायूंतील संकेत पुरतात. आपल्या चरित्रलेखनाला मात्र हालअपेष्टा आणि पुरस्कार एवढीच दोन टोके दिसतात. मधली चाळीस वर्षांची निवडणूक-पाखडणूक त्यात येत नाही.

२०१८ साली ठाकोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम बोटांवर चढवायची, स्पर्श आणि वेदना ओळखणारी त्वचा प्रसिद्ध केली. बोथट वस्तू आणि टोकदार वस्तू यांतला फरक मज्जातंतूंना दिलेल्या उत्तेजनेतून हात गमावलेल्या स्वयंसेवकापर्यंत पोहोचत होता. पण नसलेल्या बोटांत काय जाणवले, हे ठरवायचे कसे? त्याला विचारून. इतक्या उपकरणांच्या गराड्यात शेवटचा पुरावा माणसाचा शब्दच होता. वेदनेला शब्द कसे मिळतात, हा साहित्याचा जुना प्रश्न प्रयोगशाळेने निकालात काढलेला नाही. तो तिच्याही टेबलावर आहे.

खरे दुखणे याच्याही पुढे आहे. २०२१ साली स्टॅनफर्डमधील कृष्णा शेणॉय आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, हातपाय लुळे पडलेल्या एका गृहस्थांनी लिहिण्याचा नुसता प्रयत्न केला आणि मिनिटाला सुमारे ९० अक्षरे पडद्यावर उमटली. यंत्राने त्यांचे मन वाचले नाही. हाताच्या वळणांचा मेंदूतील आलेख वाचला. ती वळणे एकतीस चिन्हांची होती: सव्वीस रोमन अक्षरे आणि पाच विरामादी चिन्हे.

आता ‘किंकर्तव्यमूढ’ लिहून पाहा. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर, ‘र्त’चा रफार वर चढतो, शिरोरेषा कोणी अक्षरागणिक ओढतो, कोणी शब्द संपल्यावर. शिवाय चुकलेले अक्षर सावरायला यंत्राला भाषेची जाण लागते, आणि ‘घरातल्यांनासुद्धा’सारख्या रूपांची जाण इंग्रजीवरून उसनी मिळत नाही.

‘आधी यंत्र तर येऊ द्या’, असे कोणी म्हणेल. टंकलेखनयंत्राच्या वेळी आपण तेच केले आणि मग रोमन लिपीसाठी घडलेल्या कळफलकात जोडाक्षरे तोडून-मोडून बसवली. तेव्हा अक्षरांचे हाल झाले. या वेळी वाचा गेलेल्या मराठी माणसाला आपल्या बायकोशी इंग्रजीत बोलावे लागेल.

लोणी काळभोरला कला, रचना आणि तंत्रज्ञान ही तीन क्षेत्रे एकाच विद्यापीठाच्या नावात शेजारी नांदतात. असा शेजार जिथे आहे, तिथे मराठीच्या अभ्यासकाने अभियंत्याचे दार ठोठवायला संगणक शिकून येण्याची अट नाही. आपली माणसे अक्षर कोणत्या क्रमाने काढतात, कळ आणि ठणका यांत फरक काय करतात, याच्या पद्धतशीर नोंदी पुरेत. ‘यंत्रयुगातील साहित्य’ या विषयावरचे एक चर्चासत्र रद्द केले, तरी तेवढा वेळ सहज निघेल.