भिंतीवरचे छायाचित्र

चांगले चित्र सर्वसामान्यांच्या घरात परवडणाऱ्या किमतीत आणण्याचे मोठे काम महाराष्ट्रात राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्याने केले. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि त्याच्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी लागल्या. आज तीच जागा कलात्मक छायाचित्राची छापील प्रत घेऊ शकते. रत्नागिरीतील रत्नदुर्गाच्या कड्यावर आदळणारी लाट किंवा मिऱ्याच्या किनाऱ्यावरची सांज मूळ चित्रापेक्षा पुष्कळ कमी खर्चात दिवाणखान्यात येते. प्रत घेताना आधी कागद व शाई पाहावी. आम्लविरहित सुती कागदावर रंगद्रव्याच्या शाईने काढलेली प्रत दीर्घकाळ टिकते. साध्या रंगशाईची लवकर फिकटते. बारा बाय अठरा इंची स्वच्छ छपाईसाठी, इंचाला ३०० बिंदू धरल्यास, सुमारे १९ मेगापिक्सेलचे छायाचित्र लागते. मर्यादित प्रतींच्या संचात छायाचित्रकाराची सही आणि प्रतीचा क्रमांक असतो, म्हणून किंमत चढते. खुल्या संचातील प्रत स्वस्त पडते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत खरी कसोटी चौकटीची असते. काच थेट छायाचित्राला टेकली तर दमटपणाने कागद तिला चिकटतो. म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची खिडकी हवी. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीलगत हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. पावसाने ओलावणारी बाहेरची भिंत मात्र टाळावीच.