पुन्हा इन्स्टॉल करणे हा इलाज नव्हे

पोस्टग्रेसच्या डेटाबेसला पायथन जोडताना एरर आली की एकच सल्ला ऐकू येतो : ‘सगळं काढा आणि पुन्हा इन्स्टॉल करा.’ गिरगाव, परळ, लालबागमधल्या छोट्या संस्थांचे संगणक सांभाळणाऱ्यांच्या तोंडी तर तो बसूनच गेला आहे. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याची किंमत संस्थेला मोजावी लागते.

त्याआधी एका रास्त आक्षेपाचे उत्तर द्यायला हवे. डेटाबेसच्या आत पायथन हवेच कशाला? परळच्या एका वाचनालयाची सूची पाहा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘वाऱ्यावरची वरात’ची नोंद एकाने स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त देऊन केली, दुसऱ्याने साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह टाकले. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. वाचक शोधतो तेव्हा कपाटात असलेले पुस्तक सूचीत सापडत नाही. एवढाच घोळ असता तर साधी एसक्यूएल पुरली असती. पण ‘पंडित’-‘पण्डित’, आद्याक्षरांचा क्रम, आडनाव आधी की नंतर, असे नियम वाढत जातात. ते पायथनच्या एका फंक्शनमध्ये नीट मावतात, आणि नोंद कोणत्याही प्रोग्रॅममधून आली तरी नियम तोच लागतो. आक्षेपातला खरा भाग एवढाच : पोस्टग्रेसमधल्या पायथनला सर्व्हरच्या फायलींपर्यंत हात पोचवता येतो, म्हणून त्यात फंक्शन लिहिण्याचा अधिकार फक्त सुपरयूजरला असतो. गरज नसेल तिथे ते जोडू नये.

आता मुख्य मुद्दा. पुन्हा इन्स्टॉल केल्यावर कधीकधी चालते, हे मान्य. पण का चालले, ते कळत नाही. पुढच्या अपग्रेडला तीच एरर पुन्हा दारात उभी राहते. शिवाय बॅकअप न घेता डेटाचा फोल्डर उडवला, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

एरर नेमके बोलते. ‘कंट्रोल फाइल उघडता आली नाही’ म्हणजे पायथन जोडणारा भाग सर्व्हरवर आलेलाच नाही. उबुंटूवर पायथनची जोडणी वेगळ्या पॅकेजात मिळते आणि त्या पॅकेजच्या नावात सर्व्हरच्या आवृत्तीचा आकडा असतो. सर्व्हर १६ आणि पॅकेज १४चे, तर फाइल सापडणार कुठून? इथे फक्त योग्य पॅकेज घालायचे.

‘लायब्ररी लोड झाली नाही’ हे विंडोजवर जास्त फसवते. संदेशात ‘पीएलपायथन३’ या जोडणीच्या डीएलएलचे (लायब्ररीच्या फाइलचे) नाव असते, आणि ती फाइल तर जागेवर दिसते. मग संदेशच खोटा ठरवून लोक कुठून तरी दुसरी डीएलएल आणून टाकतात. प्रत्यक्षात ती फाइल ज्या पायथन-आवृत्तीवर बांधलेली असते, त्या आवृत्तीची डीएलएल सर्व्हरला मिळत नसते. डिसेंबर २०२३पर्यंत दादर स्टेशनात पश्चिम आणि मध्य रेल्वे दोघींचेही प्लॅटफॉर्म एकपासून सुरू होत. ‘एक नंबरला ये’ म्हटले तर माणूस भलतीकडे उभा राहायचा. मशीनवर दोन पायथन असले की हेच होते. तुमच्या टर्मिनलला सापडणारे पायथन आणि सर्व्हिसला सापडणारे पायथन एक असेलच असे नाही. योग्य आवृत्ती घाला, तिचा मार्ग सिस्टिमच्या पाथमध्ये द्या आणि पोस्टग्रेसची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

‘परवानगी नाही’ आली तर सुपरयूजरने त्या डेटाबेसमध्ये एकदाच पायथनचे एक्स्टेन्शन तयार करावे. एका डेटाबेसमध्ये केलेले शेजारच्या डेटाबेसला लागू होत नाही. रोजच्या लॉगिनलाच सुपरयूजर करून टाकणे म्हणजे पेटीच्या किल्ल्या रस्त्यावर ठेवणे.

आणि जुन्या पुस्तकातली आज्ञा चालत नसेल तर दोष मशीनचा नाही : ‘क्रिएटलँग’ पोस्टग्रेसच्या आवृत्ती १०मध्ये गेले, पायथन २चा आधार २०२२च्या आवृत्ती १५मध्ये संपला.

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. एरर आली की आधी ती अक्षरशः उतरवून घ्यावी. मग फाइल, लायब्ररी, परवानगी या क्रमाने तपासावे. एका वेळी एकच बदल करावा. आणि वाचनालयांच्या, पतपेढ्यांच्या कार्यकारिणींनी तंत्रज्ञाचे बिल मंजूर करताना त्याच्याकडून तीन ओळी मराठीत लिहून घ्याव्यात : एरर काय होती, कारण काय निघाले, काय बदलले. या तीन ओळी दप्तरी असतील तर पुढच्या माणसाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही, आणि सभासदांच्या वर्गणीतून त्याच कामाचे पैसे दुसऱ्यांदा जाणार नाहीत.