शंकेला भिऊं नका

कांहीं वर्षांपूर्वीं बायबलच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारिलें, “गुरुजी, धाकट्या बहिणीसाठीं आम्हीं सर्वांनीं प्रार्थना केली, तरी ती गेली. मग देवानें ऐकलें नाहीं काय?” असे प्रश्न मनांत येणें हें विश्वास कमी असल्याचें लक्षण होय, असें मीं तत्काळ सांगितलें. मुलगा खालीं बसला. त्या वर्षीं त्यानें पुन्हां एकही प्रश्न विचारिला नाहीं. मीं त्याची शंका दूर केली नव्हती. त्याचें तोंड मात्र बंद केलें होतें. ती टोचणी अद्याप आहे, म्हणून हे चार शब्द लिहीत आहें.

शंका म्हणजे पाप, अशी समजूत आपल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांत दृढ आहे. परंतु शास्त्र पाहतां तसें दिसत नाहीं. इतर शिष्यांनीं पुनरुत्थानाची वार्ता सांगितली असतां, खिळ्यांचे व्रण पाहिल्यावांचून व त्यांत बोट घातल्यावांचून आपण विश्वास ठेवणार नाहीं, असें थोमानें उघड सांगितलें. तरी शिष्यांनीं त्याला घालवून दिलें नाहीं, व तोही त्यांना सोडून गेला नाहीं. आठ दिवसांनीं तो त्यांच्याबरोबरच होता. म्हणूनच प्रभु आला तेव्हां त्याची भेट झाली. न पाहतां विश्वास ठेवणारे धन्य होत, असें प्रभूनें त्याला सांगितलें खरें. परंतु आधीं हात पुढें केले, मग बोध केला. मीं बोधच तेवढा केला होता.

आपल्या देशांतील उदाहरण पाहिजे तर पंडिता रमाबाईंचें घ्यावें. इ. स. १८८३ मध्यें इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेवढ्यानें त्यांच्या शंका संपल्या नाहींत. त्रैक्याचा सिद्धांत, प्रभूचें देवत्व, धर्माधिकाऱ्यांची सत्ता, यांविषयीं त्यांनीं सिस्टर जेराल्डीन यांच्याशीं पत्रांतून कसून वाद केला. पटल्यावांचून मान डोलविणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. वडील मंडळींना याचें दुःख झालें. तरी बाईंनीं पवित्र शास्त्र मिटून ठेविलें नाहीं, कीं हातचें कार्य टाकिलें नाहीं. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढिलें. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस ख्रिस्ताची खरी ओळख पटली, असें त्यांनीं पुढें आपल्या साक्षींत नमूद केलें आहे. प्रश्न विचारणाऱ्या याच बाईंनीं केडगांवीं दुष्काळानें पोळलेल्या स्त्रियांना व मुलींना आश्रय दिला, आणि १९२२ मध्यें मृत्यु येण्यापूर्वीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर मुळावरून पुरें केलें.

तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, शंका आली तर ती लपवूं नका. लपविलेली शंका वाळवीप्रमाणें आंतून पोखरते. ज्यांच्यावर तुमचा भरंवसा आहे अशा वडील माणसाला ती सांगा, आणि उत्तर मिळेपर्यंत थोमाप्रमाणें घरांतच राहा. प्रार्थना, वाचन व सेवा चालूं ठेवा. मात्र जी शंका रविवारीं सकाळीं उपासना चुकविण्यापुरतीच उठते, ती शंका नव्हे. तो आळस होय.

पालकांसही एक विनंति आहे. मुलानें विचारिलें म्हणजे घाबरूं नये व रागावूं नये. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाहीं’ असें म्हणावें. त्यानें आपला मान कमी होत नाहीं. उलट, या घरांत खरें बोलतां येतें, असा मुलाचा विश्वास बसतो. देवावरील विश्वासाची पहिली पायरी कदाचित् हीच असेल.

त्या मुलाच्या प्रश्नाचें पुरें उत्तर आजही मजपाशीं नाहीं. तो पुन्हां भेटला, तर वधस्तंभावरून प्रभूनेंही पित्याला ‘कां’ असें विचारिलें होतें, एवढेंच त्याला सांगेन. आणि तें सांगण्यापूर्वीं त्याच्याजवळ क्षणभर बसेन.