सारखाच पिवळा, पण सारखा नाही

पावसाच्या सरी सुरू झाल्या की मयूर विहारच्या नाक्यानाक्यावर भुट्ट्याच्या शेगड्या पेटतात. ‘देसी’ हवा की ‘अमेरिकन’, असे भुट्टेवाला विचारतो. शेजारच्या भाजीवाल्याकडे बोटाएवढे बेबी कॉर्न असते. महाराष्ट्रातून दिल्लीत नव्याने आलेल्या मैत्रिणी हमखास विचारतात, “ही तीन निरनिराळी पिके का हो?”

तिन्ही मकाच. अमेरिकन, म्हणजे स्वीट कॉर्नच्या दाण्यात साखरेचा स्टार्च फारसा होत नाही, म्हणून तो गोड. बेबी कॉर्न तर कोवळेपणी खुडलेले कणीसच. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. शेंड्यावरच्या तुऱ्यातला पराग त्या केसावर पडला, तरच दाणा भरतो. बेबी कॉर्नमध्ये दाणा भरायलाच नको, म्हणून तुरे आधी उपटतात आणि केस दिसू लागताच दोन-तीन दिवसांत कणीस काढतात. दिल्लीजवळच्या सोनीपत जिल्ह्यातील अटेरना गावाचे यात मोठे नाव आहे. तिथले शेतकरी कंवल सिंह चौहान यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

तुरे काढण्याची हीच युक्ती संकरित बियाण्यासाठीही लागते. दोन वाण शेजारी लावायचे आणि एकाचे तुरे काढायचे. त्याच्या कणसात दुसऱ्याच्या परागाने दाणे भरतात, ते संकरित बी. आपल्या देशात असे पहिले वाण १९६१ मध्ये आले. पीक भरघोस येते, पण घरचे बी पुढच्या वर्षी तसे उतरत नाही. दर वर्षी पिशवी विकतच घ्यावी लागते.

पीक वाढले, पण सत्त्वाचे काय? मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन आवश्यक द्रव्ये कमी असतात. ज्यांचे पोट मक्यावरच भरते, त्यांच्या मुलांना ही उणीव जाचते. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात समजले, की ‘ओपेक-२’ या जनुकाने ती भरून निघते. मात्र दाणा खडूसारखा मऊ होई, वजन घटे, कीड लागे. शेतकऱ्याने असा मका का पेरावा? तो दाणा पुन्हा टणक करण्यात मेक्सिकोतल्या संशोधन केंद्रात आपले सुरिंदर वासल आणि तिथल्या इव्हान्जेलिना विलेगास यांची कित्येक वर्षे गेली. २००० चा जागतिक अन्न पुरस्कार दोघांना मिळाला.

पुढचे पाऊल दिल्लीतच, यमुनेपलीकडच्या पुसा संस्थेत पडले. इथे रोपाच्या कोवळ्या पानातला डीएनए तपासून हवे ते जनुक आहे की नाही हे आधीच पाहतात; कणीस येईपर्यंत थांबावे लागत नाही. अशा निवडीतून २०१७ मध्ये ‘पुसा विवेक क्यूपीएम ९ सुधारित’ हा वाण आला. साध्या मक्याच्या प्रथिनात लायसिन दीड ते दोन टक्के, यात २.६७. शरीरात अ जीवनसत्त्व बनवणारी द्रव्येही चौपटीहून अधिक. महाराष्ट्रासाठीही त्याची शिफारस आहे.

गंमत म्हणजे या मक्याला शेजार सांभाळावा लागतो. लायसिन वाढवणारे जनुक दोन्ही बाजूंनी आले तरच गुण दिसतो. बाजूच्या शेतातल्या साध्या मक्याचा पराग वाऱ्याने आला, की त्यातून भरलेल्या दाण्यात तो गुण उतरत नाही. म्हणून शेत दूर ठेवतात, नाहीतर पेरणी मागेपुढे करतात.

माझ्या मते खरी अडचण शेतात नाही, बाजारात आहे. आपल्याकडचा बराचसा मका कोंबड्यांच्या खाद्याला जातो आणि व्यापारी पैसे मोजतो ते वजनाचे. अधिक लायसिनचा दाणा पोत्यात इतरांसारखाच पिवळा दिसतो. त्याला वेगळा भाव कोण देणार? तेव्हा गावाकडून कुणी खात्रीचा असा मका आणला, तर तो फार दिवस साठवू नका, कारण अ जीवनसत्त्वाचा अंश साठवणीत घटत जातो. थोडा थोडाच दळून आणा. आणि मका साधा असेल, तर रोटीबरोबर डाळीची वाटी हवीच. मक्यात उणे असलेले लायसिन डाळीत भरपूर असते.