घर स्वस्त, जिणे महाग

घरांचा प्रश्न म्हटला की आपल्याकडील चर्चा मुंबईच्या चाळींपासून सुरू होते आणि पुण्याच्या झोपडपट्ट्यांशी येऊन थांबते. तालुक्याच्या गावी हा प्रश्न मुळात नाहीच, तेथे जागा मुबलक, भाडे माफक, शेजार जुना आणि हवा मोकळी, असे गृहीत धरले जाते. जमिनीचे दलाल ही भाषा बोलतात ह्यात नवल नाही. तो त्यांचा धंदाच आहे. पण समाजवादी चळवळीतील जाणते कार्यकर्तेही जेव्हा हाच समज उराशी बाळगतात, तेव्हा त्याची झडती घेणे भाग पडते.

भंडारा जिल्ह्यातील मोहाडीचे उदाहरण घ्यावे. भंडारा आणि तुमसर यांच्या दरम्यान वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. चौंडेश्वरी देवीचे देऊळ, तहसील कचेरी, सभोवार धानाची शेती, कोष्ट्यांची जुनी वस्ती आणि तिच्या कडेने पडत गेलेले लेआऊट. एखादा शिक्षक, एखादा कारकून, एखादा निवृत्त कर्मचारी अशा लेआऊटमध्ये प्लॉट घेतो, तीन खोल्या बांधतो, कुंपणाशी जास्वंद लावतो. मुले शाळेत पायी जातात, भाजी दाराशी येते, आजारपणात शेजारी धावून येतो. हे सुख खोटे नाही आणि त्याला तुच्छ लेखण्याचेही कारण नाही. उलट प्रत्येक श्रमिकाला ते मिळावे, हीच समाजवादाची मागणी आहे. प्रश्न इतकाच की ते आज कोणाला मिळते, आणि कशामुळे?

बारकाईने पाहिले तर असे दिसते की, ह्या वस्तीतील बहुतेक पक्क्या घरांमागे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार किंवा निवृत्तिवेतन उभे आहे. त्या सुखाचा पाया वेतन आयोगांनी आणि त्यासाठी झालेल्या संपांनी घातला. जमिनीच्या स्वस्ताईने नव्हे. म्हणूनच १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन जेव्हा शासनाने काढून घेतले, तेव्हा त्याने केवळ एक आर्थिक सवलत रद्द केली नाही. तालुक्या-तालुक्यातील स्थिर वस्त्यांच्या पायाची वीट काढली. आज कंत्राटावर राबणारा तरुण शिक्षक त्याच लेआऊटमध्ये भाड्याने राहतो. प्लॉटचा भाव त्याला पाठ असतो, पण पुढल्या वर्षी नोकरी राहील की नाही हे ठाऊक नसते. बँक कर्ज देते ते भावाकडे पाहून नव्हे, पगारपत्रकाकडे पाहून.

अर्थशास्त्राचा साधा नियम येथे विसरला जातो. जमिनीची किंमत जमिनीच्या मातीत नसते. तिच्याभोवती राहणाऱ्यांच्या कमाईत असते. मोहाडीत जागा स्वस्त आहे, कारण मोहाडीत मजुरी स्वस्त आहे. मोहाडी आणि आंधळगावचा हातमाग गिरणीच्या व यंत्रमागाच्या कापडापुढे मोडत गेला. विडीने ह्या जिल्ह्यातील हजारो स्त्रियांना घरबसल्या काम दिले, पण सुपात पाने आणि हातात कवड्या, ह्यापलीकडे त्यांना फारसे काही लाभले नाही. १९७६ च्या कायद्यान्वये विडीवर उपकर बसवून कामगारांसाठी कल्याण निधी उभारण्यात आला होता. त्यातून घरासाठी साहाय्य मिळत असे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि तो उपकरही रद्द झाला. धानाची रोवणी आणि कापणी संपली की मजुराची पावले वरठीच्या भंडारा रोड स्थानकाकडे वळतात. गाडी नागपूरच्या बांधकामांवर नेऊन सोडते. घर मोहाडीला, पोट नागपूरला. ज्या घरातला कर्ता माणूस वर्षाचे कित्येक महिने घरी नसतो, त्या घराला ‘स्थिर’ म्हणणे ही क्रूर थट्टा होय.

गाव नगरपंचायत झाले म्हणजे प्रगती झाली, असे मानण्याची पद्धत आहे. परंतु २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा ग्रामीण क्षेत्रापुरताच होता. त्यामुळे नगरपंचायत झालेल्या गावातील मजूर गाव न सोडताच त्याच्या कक्षेबाहेर गेला. कर शहराचा आणि मजुरी खेड्याची, असा हा व्यवहार आहे.

आता घराखालच्या जमिनीकडे वळू. ग्रामीण भागातील घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजनेने सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे केंद्रीय प्रमाण ठरवले. रक्कम अपुरी आहे हे खरे, परंतु तिच्याही आधीचा प्रश्न जागेचा आहे. पूर्व विदर्भात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या जमिनींवर पिढ्यान् पिढ्या घरे, शाळा आणि कचेऱ्या उभ्या आहेत. ह्या जमिनी वनच समजल्या जातील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी वाटप झालेल्या जागांना सवलतीचा मार्ग मोकळा ठेवला आहे, पण तो केंद्राच्या मंजुरीतून जातो. अर्थात ज्याच्याजवळ वाटपाचा कागद आहे त्यालाच तो मार्ग खुला. आजोबाने कुडाची भिंत उभारली, बापाने कौले घातली, पण पट्टा कोणी दिलाच नाही, अशा मजुराने कोणता कागद दाखवावा? वनाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु त्याचा भार भूमिहीनाच्या ओट्यावर टाकणे हा न्याय नव्हे.

आणि कागद असला तरी तेवढ्याने भागते काय? ह्याच मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे एका दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. त्या कुटुंबाजवळ स्वतःची शेती होती. तिच्यातून वाट काढण्याचा वाद त्या द्वेषाच्या मुळाशी होता. ‘जुना शेजार’, ‘शांत गाव’ ह्या शब्दांची किंमत त्या दिवशी उघडी पडली. ज्या वस्तीत घराची जागा जातीने ठरते, तिची शांतता ही वरच्यांची सोय आणि खालच्यांची धास्ती असते. घरांच्या चळवळीने जातीचा प्रश्न बाजूला ठेवला, तर ती केवळ विटा-सिमेंटची चळवळ होईल.

काही सोबती येथे एंगल्सचा दाखला देतील. १८७२ साली घरांच्या प्रश्नावर लिहिताना त्याने बजावले होते की, प्रत्येक कामगाराला घरमालक बनवून हा प्रश्न सुटणार नाही. भांडवली व्यवस्था तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नेऊन ठेवते. हे सर्वस्वी खरे आहे. पण त्यावरून क्रांती होईपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, असा अर्थ काढणे हा त्या विचारवंताचा नव्हे, आपल्या आळसाचा निष्कर्ष आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना नगरपालिकेच्या समाजवाद्यांनी १९२३ साली चढत्या दराचा गृहनिर्माण कर बसवला, श्रीमंतांच्या हवेल्यांकडून तो वसूल केला आणि १९३४ पर्यंत कामगारांसाठी ६० हजारांहून अधिक घरे बांधली. ती विकली नाहीत, माफक भाड्याने दिली. त्या शहरातील भाडे आजही आटोक्यात राहिले आहे, ते ह्या सार्वजनिक मालकीमुळे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी उभी राहिली तेव्हा तिच्यासोबत कामगारांची वसाहतही उभी राहिली. शासनाच्या मनात आले की काम आणि घर एकत्र देता येते, ह्याचा तो पुरावा. सोलापुरात तर विडी कामगार स्त्रियांनी शासनाच्या मनात येईपर्यंत वाट पाहिली नाही. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे मोर्चे काढून त्यांनी कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत मिळवली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले; नाव दिले गेले वारल्यांच्या लढ्याच्या नेत्या गोदूताई परुळेकरांचे. त्याच परंपरेतील रे नगरच्या तीस हजार घरांपैकी पंधरा हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. पाने वळणारी बाई सोलापुरात घर मिळवू शकते, तर भंडारा जिल्ह्यात का नाही? पाने तीच, बोटे तीच. उणीव आहे ती संघटनेची.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्यात टोलीटोलीने फिरून पट्टा नसलेल्या घरांची यादी करावी आणि ती घेऊन तहसील कचेरीवर जावे. नगरपंचायतीने स्वतःच्या जागेवर भाड्याची घरे बांधावीत, अशी मागणी करावी. दलित वस्ती गावाबाहेर ढकलणाऱ्या प्रत्येक आराखड्याला विरोध करावा. आणि रिक्त पदांची भरती, जुने निवृत्तिवेतन व किमान वेतन ह्या मागण्या घरांच्या मागणीपासून कधीही वेगळ्या काढू नयेत. कारण वस्ती स्थिर होते ती स्थिर वेतनाने.

लेआऊटमधल्या निवृत्त शिक्षकाच्या कुंपणाशी फुललेली जास्वंद कोणी उपटावी, असे समाजवाद सांगत नाही. तीच जास्वंद विडी वळणाऱ्या बाईच्या दाराशी का फुलू नये, एवढेच तो विचारतो. ह्या प्रश्नाचे उत्तर बाजार देणार नाही. ते मोर्चाने मागून घ्यावे लागेल.