गळा कोणाचा, वाटा कोणाचा?

अमेरिकेने 1977 साली अवकाशात धाडलेल्या दोन ‘व्हॉयेजर’ यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरील संगीताचे नमुने म्हणून तीत जे थोडे सूर निवडले गेले, त्यांत बाख-बेथोव्हेन आहेत, आपल्या केसरबाई केरकर आहेत, आणि टेक्सासमधील एका अंध कृष्णवर्णीय गिटारवादकाचे शब्दाविण गुणगुणणेही आहे. ब्लाइंड विली जॉन्सन हे त्याचे नाव. मानवजातीचा प्रतिनिधी ठरलेला हा गायक 1945 साली तापाने मेला. घर आगीत गेल्यावर तो त्याच जळक्या घरात ओल्या अंथरुणावर निजत होता, असे त्याच्या पत्नीने पुढे सांगितले. त्याचे थडगे कोठे आहे, हेही दीर्घकाळ कोणास ठाऊक नव्हते.

1927 ते 1930 या काळात कोलंबिया कंपनीने त्याची 30 गाणी ध्वनिमुद्रित केली. गीते भक्तीची, परंतु खरखरीत गळा आणि तारांवरून घसरत जाणारा गिटारचा सूर ब्लूजचा. ही गाणी गोऱ्यांच्या गाण्यांपासून वेगळी काढून ‘रेस रेकॉर्ड्स’ या सदरात विकली जात. पहिल्या रेकॉर्डच्या 15,000 च्या आसपास प्रती निघाल्या. अशा गायकांना त्या काळी बहुधा ठोक रक्कम देऊन वाटेला लावीत. विक्रीत त्यांचा वाटा नसे. 1929 ची मंदी आली आणि 1930 नंतर कंपनीने त्याला पुन्हा बोलावले नाही. तो रस्त्याच्या कोपऱ्यावर गातच राहिला.

पुढे 1952 साली हॅरी स्मिथ यांच्या लोकसंगीतसंग्रहात त्याचे गाणे आले; संशोधक त्याच्या पत्नीपर्यंत पोहोचले; गोरे तरुण त्याची गिटार गिरवू लागले. याला ‘पुनर्शोध’ म्हणतात. परंतु ज्या वस्तीत तो गात होता, त्या वस्तीला तो हरवला होता काय? हरवला होता तो फक्त बाजाराच्या हिशेबवहीतून.

कोणी म्हणेल, कंपनी नसती तर हा आवाजच उरला नसता. हे खरे आहे. आवाज यंत्राने जपला, याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु यंत्र वेगळे आणि यंत्राची मालकी वेगळी, हा भेद आपण तरी विसरता कामा नये. केसरबाई ध्वनिमुद्रणाला सहसा राजी होत नसत. नाही म्हणण्याचे हे सामर्थ्य त्यांनी कष्टाच्या तालमीने आणि कीर्तीने मिळविले होते. रस्त्यावर गाऊन पोट भरणाऱ्या जॉन्सनला ते कोठून लाभणार?

आपल्याकडे 2012 सालच्या कॉपीराइट कायद्यातील दुरुस्तीने कलावंतांचा रॉयल्टीवरील हक्क मान्य केला. तथापि तमाशाच्या फडात, गोंधळ्याच्या वा शाहिराच्या दारी हा कायदा आपल्या पायांनी चालत जाणार नाही. तो कार्यकर्त्यांनीच पोहोचवावा लागेल. कोणाचे गाणे मुद्रित होत असेल तेथे लेखी करार झाला का आणि विक्रीतला वाटा ठरला का, एवढे दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ होईल. मृत्यूनंतर ताऱ्यांत जागा देणे सोपे असते. जिवंतपणी कोरडे अंथरुण देणे, हीच समाजाची कसोटी आहे.