अण्णांचे छायाचित्र आणि लेन्सची निवड

आमच्या सांगलीच्या अडत दुकानात गादीच्या मागील भिंतीवर तीन तसबिरी आहेत. पणजोबांची आणि आजोबांची तसबीर स्टुडिओत नीट बसवून काढलेली. तिसरी आजीची. ती गेली तेव्हा घरात तिचे एकटीचे एकही छायाचित्र सापडले नाही. अखेर एका लग्नातील समूहचित्रातून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. निरखून पाहिले, तर तिच्या डाव्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी पदर आजही दिसतो.

हे आठवण्याचे कारण असे, की पुतण्याने नवा कॅमेरा घेतला आणि विचारले, "काका, अण्णांचा चांगला फोटो काढायचा आहे. कोणती लेन्स घेऊ?" अण्णा म्हणजे माझे वडील, वय ८४. घरात लहानथोर सारे त्यांना अण्णाच म्हणतात. मोबाइलवर जवळून काढलेले एक चित्र त्याने आधी त्यांना दाखविले होते. त्यात नाक थोराड आणि कान मागे दडलेले. अण्णा म्हणाले होते, "हा मी नव्हे."

अण्णांचे बरोबर होते. मात्र दोष मोबाइलचा नव्हता, अंतराचा होता. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे असतो. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर धरला, तर कानाच्या मानाने नाक जवळजवळ दीडपट मोठे उमटते. तोच कॅमेरा दीड मीटर मागे नेला, की हा फरक जेमतेम आठ टक्के उरतो. समोर बसून बोलताना आपण माणसाला साधारण एवढ्याच अंतरावरून पाहतो, म्हणून ते रूप ओळखीचे वाटते. चेहऱ्याचे प्रमाण लेन्स ठरवीत नाही, उभे राहण्याची जागा ठरवते. त्या जागेवरून चौकटीत किती मावेल, एवढेच लेन्स ठरवते.

तेव्हा लेन्स घेण्यापूर्वी खोली मोजावी, असे मी पुतण्याला सांगितले. व्यक्तिचित्रासाठी ८५ मिलिमीटरच्या लेन्सची ख्याती आहे आणि ती रास्तही आहे. परंतु ती ख्याती पूर्ण आकाराच्या, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर संवेदक असलेल्या कॅमेऱ्यावरची. पुतण्याच्या कॅमेऱ्याचा संवेदक लहान, दीडपटीच्या हिशेबाचा. त्यावर ८५ ची लेन्स सव्वाशेहून अधिक मिलिमीटरसारखी वागते. कमरेपर्यंतचे उभे चित्र घ्यायचे, तर तीन मीटरहून मागे सरावे लागते. आमच्या गादीसमोर तेवढी जागा नाही. पाठ थेट हळदीच्या पोत्यांना टेकते. त्याच कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स सुमारे दोन मीटरवरून तेच काम करते, आणि एफ/१.८ ची ५० बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. महाग वस्तू म्हणजे उत्तम वस्तू, हा समज निदान व्यापाऱ्याच्या घरात तरी नसावा.

एफ/१.८ हा आकडा लेन्सच्या छिद्राचा. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश अधिक. या प्रकाशाचे मोल जुने आहे. १८४० साली व्हिएन्नात योझेफ पेट्झव्हाल या गणिताच्या प्राध्यापकाने खास व्यक्तिचित्रासाठी एफ/३.६ च्या आसपासची लेन्स आखली, आणि मिनिटे न् मिनिटे निश्चल बसण्याच्या शिक्षेतून माणसे सुटली. अण्णांची मान आता किंचित थरथरते. त्यामुळे हा इतिहास आमच्या घरी पुस्तकी राहिलेला नाही.

पण छिद्र पूर्ण उघडण्याचा मोह आवरावा. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावर ८५ ची लेन्स दीड मीटरवरून एफ/१.८ ला वापरली, तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम तीन सेंटिमीटरची मिळते. एक डोळा ठसठशीत आणि दुसरा धूसर, अशी चित्रे हल्ली लग्नांच्या अल्बमांत फार दिसतात. मला ती आवडत नाहीत. एफ/४ ला दोन्ही डोळे सहज स्पष्ट येतात. प्रकाश कमी पडला, तर माणसालाच दाराजवळ बसवावे.

जुनी लेन्स घ्यायची असेल, तर बॅटरीच्या उजेडात आतून पाहावी. दमट हवेत काचांवर बुरशीचे बारीक जाळे धरते. तसा माल कितीही स्वस्त मिळाला, तरी परत करावा.

पुतण्याने ५० चीच घेतली. सकाळी दहाच्या सुमारास, उत्तरेच्या दाराशी खुर्ची टाकून अण्णांना बसविले. प्रथम ते पणजोबांच्या तसबिरीसारखे ताठ बसले. मग मी राजापुरी हळदीचा भाव विचारला, आणि ते गादीवरचे अण्णा झाले. त्याच क्षणी पुतण्याने बटण दाबले.

छापून आणलेले चित्र त्यांनी बराच वेळ हातात धरले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग आजीच्या तसबिरीकडे एकदा पाहिले आणि स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवून मला म्हणाले, "तुझ्या आईचाही काढून घ्या. तिचा एकटीचा."